तिप्पण्णाच्या गाडीचे दिवे

१८ सप्टेंबर १९७७, रविवार

तेलगिरणीच्या मालकांनी जानेवारीत वाटलेली ही डायरी आजवर कोरी पडली होती. पेंडीच्या दुकानदारानं रोज काय लिहायचं? आज पेंड विकली, उद्याही विकणार? पण आता घरात गाडी येणार आहे, म्हणजे लिहिण्याजोगं काहीतरी घडेल असं वाटतं.

अकलूज-श्रीपूरकडे दुधाचा धंदा वाढलाय. तिकडच्या लोकांना सरकीची पेंड दारात पोचती हवी. दुसऱ्याच्या ट्रकवर अवलंबून राहिलं की आज येतो म्हणतो आणि चार दिवसांनी उगवतो. घरात मात्र अख्ख्या सोलापूर जिल्ह्यात नाव असलेला ड्रायव्हर बसून आहे, माझे थोरले बंधू महादेवप्पा, आमचे अण्णा. वीस वर्षं स्टिअरिंगवर, एकदाही पोलिसात नाव नाही. गेल्या महिन्यात अण्णांनी तिप्पण्णा ट्रान्सपोर्टवाल्याची नोकरी सोडली. का सोडली ते सांगत नाहीत. वहिनी जाऊन चार वर्षं झाली, तेव्हापासून तसेही ते कमीच बोलतात.

आज अव्वासमोर, म्हणजे आमच्या आईसमोर, ठरलं की गाडी घ्यायची. अण्णा चालवणार, मी धंदा बघणार. आता प्रश्न एवढाच, की नवी घ्यायची का जुनी.

३ ऑक्टोबर, सोमवार

दोन गाड्या डोळ्यासमोर आहेत. एक तिप्पण्णाचीच. दुसऱ्या महायुद्धानंतर लिलावात निघालेली अमेरिकन मोठी गाडी, मागं लांबरुंद हौदा, आत आता डिझेलचं इंजिन बसवलेलं. सगळे तिला डिस्पोजल म्हणतात. अण्णांनी ती सहा वर्षं चालवलीय. दुसरी कोरी करकरीत जीप-पिकप. नंबर लावला तर दोन वर्षं वाट बघावी लागते, पण बार्शीच्या एका माणसाचा नंबर आलाय आणि त्याला गाडी नकोय.

मला विचाराल तर डिस्पोजल बरी. हौदा दुप्पट आहे, आणि तिची एकूणएक खोड अण्णांना ठाऊक. पण अण्णा नाही म्हणतात. "तिचे दिवे गेल्यात शरणू. कितीबी पुसा, काच धुरकट ती धुरकटच. समोरनं गाडी आली की दिव्याभोवती कडी दिसत्यात, इंद्रधनुष्यागत. डोकं उठतं."

मी तिप्पण्णाकडे जाऊन सरळ तेच तोंडावर सांगितलं. 

"दिव्यांस्नी काय धाड भरल्या? दुसरा ड्रायव्हर रोज घिऊन जातोय की, त्यो एका शब्दानं बोलला न्हाई." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "शरणप्पा, माजी गाडी घ्या नायतर नका घिऊ. पण अण्णास्नी एकडाव डोळ्याच्या दवाखान्यात दावा. मानूस सोन्याचा हाय."

आपल्या गाडीची किंमत पडू नये म्हणून माणूस वीस वर्षं मुरलेल्या ड्रायव्हरवर खापर फोडतो! विकणाऱ्याचं तोंड कसं चालतं ते मी दुकानदार असून मला ठाऊक नाही का? त्याचा चहा तसाच सोडून उठलो. घरी कुणाला बोललो नाही. अण्णांच्या कानावर गेलं तर त्यांना काय वाटेल?

१६ ऑक्टोबर, रविवार

काल तिप्पण्णाचीच डिस्पोजल भाड्यानं घेऊन अकलूजला गेलो. मी मुद्दामच घेतली. म्हटलं, विकत घेण्याआधी तिचे गुण कळतील.

जाताना ऊन होतं आणि अण्णांनी गाडी अशी चालवली की माझ्या मांडीवरच्या पितळी तांब्यातलं पाणी डुचमळलं नाही. परतताना मोहोळच्या अलीकडे दिवस बुडाला. रस्त्याच्या डाव्या अंगानं मेंढरं चालली होती. मला ती दिसली, मला वाटलं अण्णांनाही दिसलीच असणार. ड्रायव्हरच्या शेजारी बसून बडबड करणाऱ्या माणसाचा अण्णांना फार राग. म्हणून मी गप्प बसलो आणि दोन मेंढ्या चाकाखाली गेल्या.

धनगर काठी आपटत आला. येडू त्याचं नाव. "मी कवाधरनं काठी हलवतोय! पांढरं मुंडासं हाय माज्या डोस्क्याला, पांढरी मेंढरं हायत, दिसना व्हय तुमास्नी?"

अण्णा खाली उतरले आणि त्या माणसाचे हात धरून उभे राहिले. "एकदम आडवी आली रं," एवढंच म्हणाले.  येडूला भरपाई देऊन निघालो. पुढं सोलापूरपर्यंत अण्णांनी गाडी बैलगाडीच्या चालीनं आणली.

तिप्पण्णाच्या गाडीचा उजेड कसला आहे ते आता मी डोळ्यांनी बघितलं. ही गाडी घरात आणायची नाही.

२ नोव्हेंबर, बुधवार

माझ्या बायकोचं, गुरम्माचं, नवीनच खूळ. परवा ती परसात अण्णांच्या डाव्या हाताला कळशी घेऊन उभी होती म्हणे. अण्णा तिच्या अंगावरून तसेच गेले, कळशी सांडली, तरी त्यांना ती दिसली नाही.

मी म्हटलं, "तू त्यांची भावजय. तुझ्याकडे बघायचं नाही ही मर्यादा आहे. तुझ्याकडं निरखून बघत जावं काय त्यांनी?"

"बगू नये, पन धडकूबी नये की," ती म्हणाली.

लग्नाला अकरा वर्षं झाली, अजून थोरल्या भाऊजींशी ही सरळ बोललेली नाही. काही सांगायचं तर अव्वाला सांगते आणि अव्वा अण्णांना. आमच्यात तशीच रीत आहे. मग तिला त्यांच्या नजरेतलं कळतं तरी काय? पण बाईचं डोकं एकदा चाललं की चाललं.

१२ नोव्हेंबर, पाडवा

आज जे झालं ते आयुष्यभर विसरणार नाही.

सकाळी पूजेनंतर अव्वानं आम्हा दोघा भावांना देवापुढं उभं केलं. "दोन्ही गाड्यांची नावं घ्या. द्येव सांगंल." मैंदर्गीला, आमच्या मूळ गावी, फुलं लावून कौल घ्यायची पद्धत आहे, पण आज पूजेनंतर घरात चांगलं फूल उरलं नव्हतं. ती म्हणाली समईच साक्षी. मी आधी म्हटलं, "तिप्पण्णाची जुनी." काही घडलं नाही. मग म्हटलं, "बार्शीकराची नवी."

अण्णा समईकडे टक लावून बघत होते. हळूच म्हणाले, "अव्वा, दिव्याभोवती रंगाचं कडं दिसतंय. तांबडं, हिरवं, पिवळं."

आम्ही बघितलं. आम्हाला साधी ज्योत. अव्वानं तिथंच जमिनीवर डोकं टेकलं. "अय्यो शिवने! माज्या ल्येकाला प्रभावळ दिसली!" मीही दंडवत घातला. माझ्या अंगावर काटा आला तो अजून गेलेला नाही. चाळीस वर्षं पूजा करणाऱ्या अव्वाला जे दिसलं नाही, ते अण्णांना दिसलं. वीस वर्षं इमानानं चाकरी केल्याचं हे फळ.

अण्णा मात्र खुशीत दिसले नाहीत. दोन्ही हातांनी कपाळ दाबत बाजूला जाऊन बसले. एवढं मोठं दर्शन सोसणं सोपं नाही.

गुरम्मा उंबऱ्यात उभी होती. तिनं नमस्कार केला नाही. मी सणाचा दिवस म्हणून बोललो नाही.

नवी ठरली.

२८ नोव्हेंबर, सोमवार

अण्णांचं लायसन नवं करायचं होतं. नजर ठीक असल्याचा डॉक्टरचा कागद लागतो. आपले नेहमीचे डॉक्टर म्हणाले, महादेवप्पांना बघायचं काय, त्यांना अख्खं सोलापूर ओळखतं, आणि सही देऊन टाकली. ओळखीचा असा उपयोग होतो. अण्णांना हेलपाटाही पडला नाही. कागद हातात दिला तेव्हा ते बराच वेळ तो चाचपत राहिले. "तपासाया बोलावलं न्हाई?" मी म्हटलं, "तुमच्या नावावरच काम झालं." त्यांनी घडी घालून खिशात ठेवला.

१९ डिसेंबर, सोमवार

गाडी आली! हिरवी. सीटवरचा प्लास्टिकचा कागद काढायचा नाही असं मी बजावलंय. सारी गल्ली लोटली होती. अव्वानं ओवाळलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. अण्णांनी गाडीभोवती एक फेरी मारली ती सगळी हातानं. बॉनेट, दिवे, फळी, हौदा, एकेका ठिकाणी तळवा फिरवत. जुन्या माणसाची गाडीवरची माया अशी असते.

आत घेताना डावीकडचा दगडी खांब घासला. नव्या रंगावर हातभर ओरखडा. तरी अण्णांपुढं मी हसलो. नव्या गाडीचा अंदाज यायला वेळ लागणारच.

२५ डिसेंबर, रविवार

गाडी मैंदर्गीला नेऊन कुलदेवापुढं उभी करायची होती. आज नेली, आणि घरची शोभा करून परत आलो.

निघताना अव्वा पुढं बसणार हे ठरलेलं. तर गुरम्मा म्हणाली, अव्वांना गाडी लागते, धरायला कुणीतरी हवं. ती डाव्या दाराशी, अव्वा मधे, अण्णा स्टिअरिंगवर. मधे अव्वा आहे म्हणून मी चालवून घेतलं. मी आणि मैंदर्गीचे गुरुबसप्पामामा मागं हौद्यात.

अक्कलकोटपर्यंत मला काही कळलं नाही. तिथं उतरल्यावर अव्वाच कुरकुरली. "वाटभर हिची टकळी. अव्वा, डावीकडं बैलगाडी हाय म्हणावं. अव्वा, डावीकडं सायकल हाय म्हणावं. मी कशाला म्हनू? त्येला दिसत न्हाई व्हय?"

मी गुरम्माकडे डोळे वटारून बघितलं. तिनं मान खाली घातली, पण पुढं जाऊन त्याच जागी बसली.

मैंदर्गीच्या बाजारात कहर झाला. एक म्हातारी डोक्यावर टोपली घेऊन डावीकडून रस्त्यात आली, आणि माझी बायको, डोक्यावरचा पदर खांद्यावर, भर बाजारात थोरल्या दिराला ओरडली, "भाऊजी, थांबा!"

अण्णांनी कचकन ब्रेक दाबला. म्हातारीच्या डोक्यावरची टोपली बॉनेटवर पडली. म्हातारीला काही झालं नाही. पण सगळा बाजार बघत होता. गुरुबसप्पामामा हसून म्हणाले, "शरणप्पा, ड्रायव्हर कोन ठिवलाय तुमी? थोरला भाऊ का धाकटी सून?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वीस वर्षांचं नाव, आणि चार लोकांत एक बाई त्यांना थांबा म्हणते!

घरी आल्यावर मी तिला वाट्टेल ते बोललो. ती सगळं ऐकून म्हणाली, "मला न्हाई हौस पुढं बसायची. मग तुमी बसा. तुमी बसा आन् डावीकडं बगत ऱ्हावा."

"म्हणजे अण्णांना मी शिकवू?"

"म्हातारी मेली असती."

"पुन्हा तू पुढं बसणार नाहीस," मी म्हटलं. विषय तिथं संपला.

अण्णा मोठ्या मनाचे. जेवताना माझ्याकडे न बघता म्हणाले, "गुरम्मा पुढं बसली तर बसू दे रं. मला काय न्हाई त्येचं." तिच्यावर राग धरू नये म्हणून ते असं बोलले. अशा माणसाचा मान राखायचा नाही तर कुणाचा राखायचा?

१४ जानेवारी १९७८, संक्रांत

डायरी संपली. सुरुवातीची जानेवारीपासूनची पानं कोरीच होती, त्यांवरचं ७७ खोडून ७८ केलंय. म्हणजे डायरी उघडली की आता शेवट आधी वाचायला मिळणार.

धंदा चांगला चाललाय. अण्णा पहाटे उजाडताना निघतात आणि दिवस मावळायच्या आत परत येतात. शिस्त म्हणजे शिस्त.

आज गुरम्मानं तिळगुळाचं ताट अण्णांपुढं डाव्या अंगानं धरलं आणि धरूनच उभी राहिली. अण्णांनी हात लावला नाही. कसली मर्यादा! मग तिनं ताट उजवीकडे नेलं. त्यांनी पटकन वडी उचलली. ती माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "काय?" ती म्हणाली, "काय न्हाई."

५ फेब्रुवारी, रविवार, सकाळ

नागव्वामावशीच्या मुलानं श्रीपूरला कारखान्याजवळ घर बांधलंय, त्याची घरभरणी. अव्वाच्या सख्ख्या बहिणीकडचं कार्य, आपल्या गाडीतून जाणार म्हणून अव्वा पहाटेपासून नटून बसलीय. अण्णांचं डोकं दुखतंय, सुंठेचा लेप लावलाय. म्हणाले, "दिस असताना निघायचं परत. वचन दे." दिलं. गुरम्मानं पुढं बसू का म्हणून विचारलं. मी मागं बोट दाखवलं.

११ फेब्रुवारी, शनिवार

सहा दिवसांनी लिहितो आहे. अव्वा गेली.

हातानं लिहिलं तरी खरं वाटत नाही. अव्वा गेली आणि ती मी घालवली.

क्रमानं लिहितो, नाहीतर उद्या मीच मला सोयीचं आठवेन.

कार्य दुपारी आटोपलं. अण्णा चार वाजता मांडवाच्या दारात आले आणि म्हणाले, निघू. नागव्वामावशीनं माझा हात धरला, जेवल्याबिगर सोडणार न्हाई. पंगत उशिरा बसली. अण्णा पुन्हा आले. मी म्हटलं, आलोच. गुऱ्हाळवाले, दूधवाले, सगळी आपली गिऱ्हाइकं भोवती होती. नव्या गाडीचं कौतुक चाललं होतं. मी बसून राहिलो. तिसऱ्यांदा अण्णा आले तेव्हा झाडांच्या सावल्या गेल्या होत्या. मला बाजूला घेऊन म्हणाले, "शरणू, आज हितंच मुक्काम करू."

मी हसलो. म्हटलं, "नवी गाडी, नवे दिवे, घाबरायला ती तिप्पण्णाची डिस्पोजल आहे काय?"

 ते काहीतरी बोलणार होते. मग दोन माणसं जवळ आली आणि ते गाडीकडे गेले.

अव्वा पुढं एकटी बसली, डाव्या दाराशी. मी आणि गुरम्मा मागं हौद्यात. गुरम्मा बसली नाही. पुढच्या टपाच्या पत्र्याला धरून उभी राहिली, तोंड पुढं. मी दोनदा म्हटलं बस. तिनं ऐकलं नाही.

कारखान्याच्या रस्त्यावर उसाच्या बैलगाड्या ओळीनं उभ्या होत्या. काही गाड्यांच्या आखाला कंदील होते. एका गाडीचा आख मोडला होता म्हणून ती मागंच राहिली होती, डाव्या कडेला, बिनकंदिलाची. मला ती दिसली. इतका अंधार झालाच नव्हता. कुणालाही दिसली असती.

गुरम्मा टपावर थापा मारायला लागली. दोन्ही हातांनी. "भाऊजी! डावीकडं! डावीकडं!" रस्त्याच्या कडेला ऊसतोडीवाले चुली पेटवून बसले होते, ते सगळे मान वर करून बघायला लागले. कारखान्यावरची आपली गिऱ्हाइकंही असतील त्यात. मला मैंदर्गीचा बाजार आठवला. मी तिचं मनगट धरलं आणि हात खाली ओढला. म्हटलं, "गप बस. लोक बघतायत."

तेवढ्यात झालं.

उसाची टोकं डाव्या काचेतून आत गेली. अण्णांच्या दोन बरगड्या मोडल्या. गुरम्माचं कपाळ फुटलं. माझा खांदा निखळला. गाडीवान पुढं बैलांपाशी होता म्हणून वाचला, एक बैल गेला. अव्वाला दवाखान्यापर्यंत नेताही आलं नाही.

मैंदर्गीला माती दिली. अण्णांना खाटेवरून आणलं होतं. मूठभर माती टाकताना त्यांनी विचारलं, "कुटं हाय ती? कुन्या बाजूला?" मला वाटलं, दुःखानं भ्रम झालाय.

२० फेब्रुवारी, सोमवार

मोटार इन्स्पेक्टरनं गाडी तपासून लिहून दिलं. ब्रेक ठीक, स्टिअरिंग ठीक, दिवे ठीक. मी त्याला पुन्हा तपासायला लावलं. मनात देवाला विनवत होतो की काहीतरी बिघाड निघू दे. तो वैतागून म्हणाला, "अहो, नवी कोरी गाडी आहे!"

संध्याकाळी कंपनीला तक्रारीचं पत्र लिहायला बसलो. त्यात घालायला आधीचे प्रसंग हवेत म्हणून ही डायरी काढली. येडूची मेंढरं, डावीकडे. ती जुनी गाडी होती. दगडी खांब, डावीकडे. ती नवी होती. मैंदर्गीची म्हातारी, डावीकडे. कळशी, डावीकडे. तिथं तर गाडीच नव्हती.

तिळगुळाचं ताट.

पत्र लिहिलं नाही. एकही तारीख मला शोधावी लागली नाही. सगळं माझ्याच अक्षरात, शाईनं, नीट ओळीत लिहिलेलं आहे.

२३ फेब्रुवारी, गुरुवार

अण्णांना डोळ्याच्या दवाखान्यात नेलं. तिप्पण्णा बरोबर आला, मी बोलावलं नव्हतं. वाटेत तो एका शब्दानंही 'मी सांगितलं होतं' म्हणाला नाही. म्हणाला असता तर बरं झालं असतं.

डॉक्टर म्हणाले, काचबिंदू. डावा डोळा पूर्ण गेलाय, उजव्यानं नळीतून बघावं तेवढंच दिसतं, तेही टिकेल असं नाही. त्यांनी विचारलं, "दिव्याभोवती रंगीत कडी कधीपासून दिसतात? तेव्हाच यायला हवं होतं. तेव्हा काहीतरी राखता आलं असतं."

अण्णा म्हणाले, "वर्स झालं आसंल."

मी भिंतीकडे तोंड केलं. त्या कड्याला मी दंडवत घातला होता. अव्वानं जमिनीवर डोकं टेकलं होतं.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "अण्णा, मला का नाही सांगितलं?"

"सांगत हुतो की," ते म्हणाले. "दिवे गेल्यात म्हनून सांगत हुतो. मलाबी तसंच वाटायचं पैल्यांदा. मग पाडव्याला अव्वानं डोस्कं टेकलं. तू टेकलास. त्येच्यानंतर कुन्या तोंडानं सांगू? वाटलं, कोनतरी डॉक्टर तपासंल, त्योच सांगंल. तर तू कागदच आनलास."

त्यांनी वरच्या खिशातून तो कागद काढला. घड्या पडून पडून फाटत आला होता. इतके दिवस जवळच होता.

७ मार्च, महाशिवरात्र

हिरवी गाडी विकायला काढलीय. गिऱ्हाइकं येतात, डावीकडची नवी काच बघतात आणि जातात. तिप्पण्णाची डिस्पोजल रोज संध्याकाळी दुकानावरून जाते. तिचे दिवे लख्ख असतात, पार कोपऱ्यावरच्या पिंपळाचं पान नि पान दिसतं. ती गेली की मी थोडा वेळ फळीला धरून उभा राहतो. तीच घ्यायला हवी होती असंही म्हणवत नाही. तीही अण्णांच्याच हातात दिली असती.

आज सिद्धेश्वराला जायचं होतं. अण्णा म्हणाले, मी घरीच बसतो. गुरम्मा आतून आली. कपाळावरची खूण अजून लाल आहे. तिनं अण्णांच्या वहाणा त्यांच्या पायाशी नेऊन ठेवल्या आणि सरळ त्यांचा हात धरला. "चला भाऊजी. तीन पायऱ्या हायत, मग डावीकडं गटार हाय."

अण्णा उठले. साऱ्या गल्लीतून धाकटी भावजय थोरल्या दिराला हाताला धरून घेऊन गेली. लोक ओट्यांवर होते. कुणी हसलं नाही. हसले असते तरी तिनं हात सोडला नसता.

देवळात गर्दी होती. अण्णांनी विचारलं, "दिवे लागले?" ती म्हणाली, "लागलेत. तळ्यात समदे दिसत्यात." त्यांनी हात जोडले ते थोडे चुकीच्या दिशेला. तिनं खांद्याला धरून वळवलं.

परत येताना घाटाच्या पायऱ्या ओल्या होत्या. तिच्या एका हाताला अण्णा. तिचा पाय सरकला म्हणून मी तिच्या दुसऱ्या बाजूनं माझा हात पुढं केला. तिनं त्याच्याकडे बघितलं. मग आपलं मनगट पदरात घेतलं आणि अण्णांना म्हणाली, "सावकाश भाऊजी. हितं अजून चार हायत."